मारेन रडली नाही म्हणतात

१५ जून, रविवार

आज पितृदिन. सभा संपल्यावर चर्चमध्ये लहान मुली सगळ्या बापांना चॉकलेटच्या वड्या वाटत होत्या. एक माझ्यापाशी येऊन थबकली, मागे वळून आईकडे बघितलं आणि वडी माझ्या हातात ठेवली. "ब्रदर मिकल्सनसाठी," म्हणाली. मी आभार मानले. घरी येऊन वडी फ्रीजरमध्ये ठेवली, मटारच्या पिशवीवर.

रूलनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन बावन्न दिवस झाले. बिशप म्हणतात, "रेने, रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होईल." मन भरलेलं असलं तर मोकळं होणार. मी आपली काय झालं तेवढं लिहिते.

दारात बिशपबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "तू अगदी मारेनसारखी आहेस गं. डोळ्यात टिपूस नाही. आम्हाला तर तुझ्याकडे बघून बळ येतं." अंत्यविधीपासून हे मी कितीतरी वेळा ऐकलंय. मारेन माझी कोणी नव्हे, ती रूलनच्या घराण्यातली. डेन्मार्कहून आली होती, १८५६ साली आमच्या पंथाच्या तुकडीबरोबर, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात वस्ती करायला, संसाराची हातगाडी ओढत वायोमिंगमधून चालत निघाली. रॉकी रिजच्या चढावर तिचा नवरा नील्स थंडीने गेला. सकाळी त्याला पुरलं आणि दुपारी तिने गाडीचा दांडा पुन्हा हातात घेतला, एक थेंब न सांडता. सासूबाई ही गोष्ट साठ वर्षं सांगताहेत. मंडळीतल्या मुलांना पाठ आहे.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "बुधवारी वायोमिंगला निघायचं, मारेनची जागा बघायला. मॅकेल येतेय गाडी चालवायला. तू येणार की नाही, एकदाच काय ते सांग."

मी म्हटलं, "येते."

त्यांनी काटा खाली ठेवला. बहुतेक नाही म्हणेन असं धरून चालल्या होत्या.

१७ जून, मंगळवार

सामान भरलं. काय भरलं आठवत नाही म्हणून पुन्हा उघडून बघितलं. हिवाळी मोजे सहा जोड, ब्रश नाही.

लसूणघासाला पाणी द्यायची आमची पाळी मर्व्हिनच देतोय अजून. शेजारधर्म. त्या दिवशी पाटाच्या दारापाशी त्यालाच सापडला रूलन, सात वाजता. डॉक्टर म्हणाले क्षणात गेला असणार, कळलंही नसेल. सगळ्यांना बरं वाटलं ते ऐकून. डॉक्टरांना जास्त कळतं.

संध्याकाळी लेक आली लोगनहून, मॅकेल. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, पहाटेच्या ड्यूट्या करून वाळली आहे. आल्याआल्या तिने मला मिठी मारली आणि मग बराच वेळ बाबाच्या खुर्चीजवळ उभी राहिली, बसली नाही. फोन सारखा हातात. जेवतानाही पालथा घालून ताटाशेजारी. मी म्हटलं, "ठेव की तो जरा." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भाजीचं भांडं पुढे केलं.

१८ जून, बुधवार. लँडर, वायोमिंग

नऊ तास गाडीत. सासूबाई पुढे, मी मागे बर्फाच्या पेटीशेजारी. पेटीत हॅम सँडविच, उकडलेली अंडी, रूट बिअर, म्हणजे नावालाच बिअर, गोड सरबत. प्रत्येक गावाला सासूबाईंचं काहीतरी होतंच. इथे त्यांच्या चुलत बहिणीने नवरा सोडला, इथे त्यांच्या तरुणपणी अ‍ॅपल पाय मिळायचा तसा आता कुठे मिळतो.

"आजी, तो अ‍ॅपल पाय मिळायचा तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"तुझ्याएवढी. आणि तुझ्यापेक्षा बरी दिसायचे."

मॅकेल हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते हसणं. मी पण हसले असेन.

फार्सननंतर नुसता माळ. सेजची झुडपं आणि लांबवर हरणं, उभीच्या उभी. सासूबाई म्हणाल्या, "हा सगळा माळ पायी तुडवला तिने. दोन पोरं घेऊन." मग मागे वळून, "ऐकते आहेस का रेने?"

"ऐकते आहे, आई."

"काय म्हणाले मी?"

"दोन पोरं घेऊन."

"पोपट बरा," त्या म्हणाल्या.

मोटेलमध्ये तिघींना मिळून एकच खोली. सासूबाईंनी कानातलं यंत्र न काढताच डोकं टेकलं. उशीला घासलं की ते शिट्टी घालतं. मी म्हटलं, "आई, काढून ठेवा ना, रात्री कशाला हवंय?" तर म्हणाल्या, "माझा कान आहे." वीस वर्षं रात्री बशीत काढून ठेवत होत्या. आता कसला हट्ट!

रूलनचा फोन अजून त्यांच्याचकडे आहे. दफनाच्या दिवशी फोटो बघायला म्हणून मागून घेतला होता. त्यांना तो नीट लावता येतो की नाही कोण जाणे, पण रोज चार्जिंगला लावतात, औषधाची गोळी घ्यावी तसा, न चुकता. आज पलंगामागच्या बटणापाशी लावला. मॅकेलने बघितलं आणि तोंड फिरवलं.

१९ जून, गुरुवार

नदीकाठच्या माहिती केंद्रात गेलो. स्वीटवॉटर म्हणजे नाव मोठं, पाणी घोटाभर, आणि डास असे की बोलायला तोंड उघडलं की आत. तिथे सगळे सेवेकरी, म्हातारी जोडपी, घरदार बंद करून वर्ष-दीड वर्षासाठी येतात. आम्हाला हुल्म नवराबायको भेटले, आयडाहोचे. हुल्म आजोबांना दांडगा खोकला आणि हुल्मबाईंना दांडगा उत्साह.

"मिकल्सन! म्हणजे मारेनची माणसं!" हुल्मबाईंनी टाळीच वाजवली. "थांबा, नावांची वही काढते."

सासूबाईंनी पाठ ताठ केली. त्यांनी सोबत पुस्तिकेचा कच्चा मजकूर आणला आहे. जुलैत घराण्याचा मेळावा आहे, तेव्हा दोनशे प्रती वाटायच्या आहेत. पहिल्या पानावर मारेन. तिच्या नोंदीची नक्कल आणि त्या जागेचा फोटो एवढंच राहिलंय.

वहीत नाव सापडलं. मारेन, वय एकतीस. नील्स, वय छत्तीस, मृत. मुलगी नऊ, मुलगा तीन. सासूबाईंनी नावावरून बोट फिरवलं. हुल्मबाई म्हणाल्या, "त्या तुकडीतल्या आणखी कोणाच्या तरी आठवणी आल्या आहेत या वर्षी. एका कुटुंबाने पाठवल्या. उद्या काढून ठेवते, मोठं खोकं आहे."

दुपारी त्यांनी आम्हाला एक हातगाडी दिली, हौसेने ओढून बघायला. मॅकेल आणि मी ओढत कुंपणापर्यंत गेलो. रिकामीच होती. मला वाटलं होतं जड असेल.

वाटेत मॅकेलने विचारलं, "आई, डॉक्टर नक्की किती वाजता म्हणाले होते?"

"काय किती वाजता?"

"बाबा."

"सहाच्या सुमारास म्हणाले. का गं?"

"काही नाही."

२० जून, शुक्रवार

सकाळचं आधी लिहिते.

हुल्मबाईंनी टाइप केलेली चार पानं समोर ठेवली. त्या तुकडीतली एक मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. म्हातारपणी तिने नातीला सांगून लिहवून घेतलेलं. सासूबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता म्हणून मॅकेलने मोठ्याने वाचायला घेतलं. नक्कल जवळ आहे, त्यातलंच इथे लिहिते:

"मारेनबाई नवऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या अंगावरचं बर्फ झाडत होत्या. झाडलं की पुन्हा पडायचं. आम्ही बोलावलं तर उठेनात. त्याला पुरलं तरी तिथेच झाडत बसल्या. शेवटी दोघा पुरुषांनी त्यांना उचलून गाडीवर ठेवलं, पिठाच्या पोत्यासारखं. त्यांची मुलगी गाडीला मागून हात लावून चालत होती. खोऱ्यात पोचेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तो हिवाळा त्या आमच्या घरी होत्या. हातात चमचा दिला तर खायच्या, नाही दिला तर नाही. मुलं समोर आली तरी ओळख देत नसत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं माझी आई म्हणायची."

मॅकेल वाचायची थांबली. हुल्म आजोबा खोकले.

सासूबाई म्हणाल्या, "ही दुसरी कोणीतरी मारेन असेल."

"त्या तुकडीत एकच आहे, बाई," हुल्मबाई हळूच म्हणाल्या.

"मग ती पोरगी खोटं बोलतेय. चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतं? पिठाचं पोतं म्हणे! आमच्या घरातल्या बाईला!" त्या उठल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या. हातातली काठी टेबलाशीच राहिली. मी काठी घेऊन मागे गेले.

हुल्मबाई माझ्या मागे धावत आल्या आणि पानांची नक्कल माझ्या हातात कोंबली. "चूक झाली का हो माझी? मला वाटलं, त्यांना आवडेल."

मी म्हटलं, "नाही, नाही." दुसरं काय म्हणणार?

आता दुपारचं. हे लिहायचं की नाही, याचा तासभर विचार केला. मॅकेल पोहायला गेली आहे मोटेलच्या तलावात, सासूबाई पडल्या आहेत. लिहिते.

रॉकी रिजच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते, पुढे दगडच दगड. मॅकेल खुणेच्या खांबाचा फोटो काढायला वर चढून गेली. आम्ही दोघी गाडीची मागची फळी पाडून तिच्यावर बसलो, पाय लोंबकळत, शाळेतल्या मुलींसारख्या. वारा इतका की डाससुद्धा नव्हते. जूनचा महिना, तरी समोरच्या घळीत मळकं बर्फ होतं.

सासूबाई काठीने खालचा दगड टोचत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "साठ वर्षं मी पोरांना खोटं सांगत आले."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, आई?"

"नव्हतं. पण पहिल्यांदा कोणीतरी ठरवलंच असेल ना, असं सांगायचं म्हणून. तिची मुलगीच असणार. आईला उचलून टाकलेलं बघितलं होतं तिने. नऊ वर्षांच्या पोरीने." त्या दगड टोचत राहिल्या. "तुलासुद्धा सांगितलं मी. दफनाच्या दिवशी. 'मारेनसारखी राहा.' सांगितलं ना?"

"सांगितलंत."

"राहिलीस."

मग माझ्या तोंडून ते निघालं. मी ठरवलं नव्हतं. ठरवून बोलणं जमलंही नसतं. मी म्हटलं, "आई, रूलनने मला फोन केला होता."

त्यांनी टोचायचं थांबवलं.

"त्या दिवशी सकाळी. उशाशीच होता फोन. मी नाव बघितलं आणि पालथा घातला. मला वाटलं, दार अडकलं असेल पाटाचं, मदतीला बोलावत असेल. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मला यायचं नव्हतं त्या चिखलात." बोलायला लागल्यावर ते सोपं होतं, सामानाची यादी वाचावी तसं. "डॉक्टर म्हणाले क्षणात गेला. क्षणात गेलेला माणूस फोन करत नाही. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"दोनदा," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दोनदा केला होता तुला. पाच बावन्नला आणि पाच त्रेपन्नला."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोरच्या बर्फाकडे बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याचा फोन माझ्याकडे आहे ना. त्याच रात्री बघितलं मी. मला सगळं येतं त्या फोनमधलं, तुम्हाला वाटतं थेरडीला काही कळत नाही."

"मग मला काहीच का नाही बोललात?"

त्यांनी पर्स उघडली. हातरुमाल, गोळ्यांची डबी, सगळं बाजूला करून त्याचा फोन काढला, बोटाने चारदा काहीतरी केलं आणि माझ्यासमोर धरला. उन्हात मला नीट दिसेना. हाताची सावली केली. वरून पहिलं नाव होतं 'आई'. पाच छप्पन्न.

"तिसरा मला," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या घरातून पाटाचं दार दिसतं, रेने. खिडकीत उभी राहिले असते तरी दिसला असता. माझं यंत्र बशीत होतं आणि मी गाढ झोपले होते."

मी फोन त्यांच्या हातात परत दिला.

"तू कधीतरी फोन परत मागशील म्हणून दोन महिने वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "मागितलास की दाखवणार होते. तू मागितलाच नाहीस. तुला काही नकोच होतं. जेवण नको, माणूस नको. म्हटलं, इथे आणते, इथे सांगते, म्हणजे निदान माझ्यावर तरी चिडशील. आणि इथे आल्यावर मलाच धीर होईना. भांडण कशावरून झालं होतं तुमचं?"

आता लपवण्यात काय अर्थ होता? "ह्याच सहलीवरून. मला न विचारता त्याने तुम्हाला शब्द दिला होता. मी म्हटलं, तुझ्या आईबरोबर चार दिवस एका गाडीत, मी नाही येणार."

सासूबाईंच्या नाकातून आवाज आला. आधी मला वाटलं रडतात. हसत होत्या. "मीही नसते आले माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. मग खरंच रडल्या. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारख्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांची हाडं हाताला लागली. मला वाटलं आता माझंही काहीतरी फुटेल. नाही फुटलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि समोरच्या घळीत बर्फाच्या किती रेघा आहेत ते बघत राहिले. सात.

मॅकेल खाली आली तेव्हा दुरून तिला दिसलं असणार. तिने विचारलं नाही. फोटो चांगला आला म्हणाली.

२१ जून, शनिवार

परत. सासूबाई मागे माझ्याशेजारी बसल्या, मॅकेल म्हणाली मी काय ड्रायव्हर आहे का. रॉक स्प्रिंग्जपर्यंत त्या झोपल्या, डोकं माझ्या खांद्यावर. यंत्र माझ्या कानाशी शिट्टी घालत होतं. मी काढायला सांगितलं नाही.

मॅकेल आरशातून सारखी बघत होती.

२६ जून, गुरुवार

सासूबाई पुस्तिकेचं पहिलं पान नव्याने लिहायला बसल्या आहेत. त्या सांगतात, मी लिहून घेते. एका वाक्यावर अख्खी सकाळ गेली.

"लिही, 'मारेन थकून गेली होती.'"

"थकून नव्हे, आई."

"मग काय लिहू? वेड लागलं होतं?"

"'उठली नाही' असं लिहा. तेवढंच."

त्यांनी विचार केला. "अर्ल मला जिवंत ठेवणार नाही," म्हणाल्या. अर्ल काका म्हणजे त्यांचे दीर. "लिही."

१ जुलै, मंगळवार

बिशप येऊन गेले. कसं वाटतंय विचारलं. मी म्हटलं, वाटत नाही. ते हसले आणि म्हणाले, हळूहळू वाटेल बरं. त्यांना वेगळंच ऐकू आलं. मी दुरुस्त केलं नाही, पण नंतर वाटलं करायला हवं होतं. ते चांगले गृहस्थ आहेत.

५ जुलै, शनिवार

मेळावा. नगरपालिकेच्या बागेत एकशे चाळीस माणसं, टर्कीची सँडविचं, तीन रंगांची जेली. सासूबाई मायक्रोफोनपुढे उभ्या राहिल्या. दरवर्षी गोष्ट सांगतात तशी लोकांनी कान टवकारले, पोरं ओठ हलवायला तयार. आणि त्यांनी ती चार पानं वाचली. बर्फ झाडणं, पोतं, चमचा, सगळं.

कोणी टाळी वाजवली नाही. अर्ल काका उभे राहिले, ऐंशी वर्षांचे, लालबुंद. "थोरा, हे पोरांसमोर वाचायचं असतं? मेलेल्या बाईची अब्रू काढतेस?"

"अब्रू कसली काढली?" सासूबाई म्हणाल्या. "नवरा मेला तर उठता आलं नाही तिला. तुझी बायको गेली तेव्हा तू सहा महिने तबेल्यात झोपत होतास, अर्ल. आम्ही कोणी सांगितलं का कोणाला?"

"आत्ता सांगितलंस की!"

लोक हसले. अर्ल काका नाही हसले. टोपी उचलून गाडीत जाऊन बसले. त्यांच्या मुलीने पुस्तिका घेतली नाही. सासूबाईंनी संध्याकाळी प्रती मोजल्या, एकशे एकोणसाठ उरल्या होत्या. "दुसऱ्या वर्षी कोणी बोलावणार नाही मला," म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. मी चहाच्या कपात गरम चॉकलेट करून दिलं. दुसरं काय करणार?

एक बाई मात्र माझ्याकडे आली होती, रूलनच्या दूरच्या नात्यातली, मी नाव विसरले. ती म्हणाली, "मग पुढे बोलायला लागली का मारेन?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. पण धाकटा मुलगा तिच्याजवळच वाढला, त्याच्यापासून आपण सगळे, म्हणजे कधीतरी लागली असणार. ती बराच वेळ माझा दंड धरून उभी राहिली.

६ जुलै, रविवार

मॅकेल आज परत जाणार होती. चर्चहून आल्यावर ती मागच्या पायरीवर बसून बूट घालत होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं. सासूबाईंना सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने. फोन आला, नाव बघितलं, पालथा घातला. दोनदा. मग आजीला. मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती नर्सिंग शिकते, तिला कळतं चार मिनिटांत काय काय करता आलं असतं. त्याची मी तयारी केली होती.

ती ओरडली नाही. एक बूट हातातच राहिला.

"पाच एक्केचाळीसला मी त्याला फोटो पाठवला होता," ती म्हणाली. "ड्यूटीवर जाताना, पार्किंगमधून. आकाश लाल झालं होतं म्हणून. त्याने अंगठा पाठवला. पाच त्रेचाळीस." तिने फोन काढून दाखवला. दाखवायला शोधावं लागलं नाही, उघडंच होतं ते पान. किती दिवस उघडं होतं देव जाणे. "मी जागी होते, आई. त्याला माहीत होतं मी जागी आहे. फोन माझ्या हातात होता. मला का नाही केला?"

लेकीला असलं ऐकू येऊ नये म्हणून, असं म्हणता आलं असतं. तू तीन तास लांब होतीस, असंही. बिशपबाई असत्या तर त्यांना काहीतरी चांगलं सुचलं असतं.

मी म्हटलं, "माहीत नाही गं."

"मी नर्स होतेय ना," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं काय करायचं. मी बोलत राहिले असते त्याच्याशी." आणि मग ती रडायला लागली. दोन महिने तिच्या हातात फोन बघून मी तिला टोकत होते.

मी तिला ओढून घेतलं. ती एवढी मोठी बाई, पायरीवर पाय मुडपून माझ्या मांडीत डोकं खुपसून पडली. एका पायात बूट होता. मी तिचे केस मागे घेतले. मानेवर घाम आला होता, लहानपणी तापात यायचा तसा. मी तिला विचारलं, त्या फोटोत काय काय होतं. ती सांगायला लागली. मध्येच रडायची, पुन्हा सांगायची.

मागच्या अंगणापलीकडच्या आपल्या घरातून सासूबाई काठी टेकत निघाल्या होत्या, अर्ध्या अंगणात थांबल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी त्यांना हाताने इकडे या म्हणून खुणावलं.

तासभर तरी गेला असेल. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग दुखायला लागला, चांगलाच. मी हलले नाही.